सोडलेला धडा

मडावी सरांच्या वर्गात खुर्ची होती, पण तिच्यावर कायम आमच्या जर्नलांचा गठ्ठा असायचा. सर तिच्यावर बसलेले मी दोन वर्षांत पाहिले नाहीत. फळ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत, तिथून खिडकीपर्यंत, हायवेवरच्या ट्रकांकडे एक नजर टाकून पुन्हा फळ्यापर्यंत, असा त्यांचा तास चालायचा. चालता चालता खडू दोन बोटांत फिरायचा आणि मधूनच दाताखाली जायचा. जानेवारी उजाडला की सरांचे ओठ पांढरे होतात आणि पेपर संपला की पुन्हा माणसासारखे दिसतात, असं आम्ही पोरी म्हणायचो.

आमचं कनिष्ठ महाविद्यालय सडक अर्जुनीला, हायवेला लागून. मी नवेगाव बांधहून एसटीने यायची. प्रयोगशाळेत तीन सूक्ष्मदर्शक होते. एकातून दिसायचं, दुसऱ्यातून दिसल्यासारखं वाटायचं आणि तिसरा बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना दाखवण्यापुरता होता. दहावीपर्यंत आम्ही सगळे मराठीत शिकलेलो. अकरावी सायन्सला गेलो आणि पुस्तक एकदम इंग्रजी झालं. पहिले चार महिने आम्हाला जीवशास्त्र कळत नाही की इंग्रजी, हेच कळत नव्हतं.

सर एक ओळ इंग्रजीत वाचायचे, मग पुस्तक पालथं घालून आमच्या बोलीत सांगायचे. हृदयाचा धडा सुरू केला त्या दिवशी म्हणाले, "आपण याले काळीज म्हणतो. पण बोकड्याचं काळीज म्हणून जे खातो, थे लिव्हर हाय. घरी भाजीत घोळ झाला तर चालते, पेपरात करू नका." एवढं सांगून कुणाला तरी उठवायचे आणि फळ्यावर आकृती काढायला लावायचे. पुस्तक बंद, हात चालू, हे त्यांचं नेहमीचं. आकृती काढताना हात थांबला, की तो जिथं थांबला तिथंच तुझं समजणं थांबलं आहे, असं ते म्हणायचे आणि तिथूनच पुन्हा शिकवायचे.

स्वतःला बसवत नसल्यामुळे दुसऱ्या कुणी बसून अभ्यास करावा, हे त्यांना पटतच नसे. बारावीच्या उजळणीत उत्सर्जनसंस्थेचा धडा आला तेव्हा त्यांनी खेळाच्या सामानातली फक्कीची पिशवी आणली आणि अख्ख्या मैदानावर नेफ्रॉन, म्हणजे मूत्रपिंडातली रक्त गाळणारी नळी, आखला. आम्हा चाळीस जणांना त्यांनी रक्त केलं. कुणी पाणी, कुणी ग्लुकोज, कुणी मीठ. वळणावळणाच्या त्या रेघेतून चालत जायचं, ग्लुकोजवाल्यांनी पहिल्याच वळणावर बाहेर पडून रक्तात परत यायचं, पाणीवाल्यांनी थोडं थोडं करून परतायचं, आणि युरिया झालेल्यांनी शेवटपर्यंत जाऊन फाटकाबाहेर निघायचं. प्राचार्य नेमके तेव्हाच बाहेरून आले. फाटकाबाहेर उन्हात एकटीच उभी असलेली पोरगी पाहून त्यांनी विचारलं, "तू इथं काऊन उभी?"

ती म्हणाली, "सर, मी युरिया हाय."

प्राचार्यांच्या घरी दहा एकर धान होतं. युरिया हा शब्द त्यांना फक्त गोणीवरचा माहीत. ते तिच्याकडे पाहत राहिले आणि मग ऑफिसात गेले. ती पोरगी म्हणजे शालू मेश्राम, माझी मैत्रीण. आमच्याच गावची, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून तिचं घर. तिचा बाप नवेगावच्या तलावात मासेमारी करायचा, थोडं धानही होतं. शालूला नर्स व्हायचं होतं. ती कमी बोलायची आणि कुणी काही सांगितलं, की जसंच्या तसं करायची.

सरांबद्दल लोकांचा एक ठाम समज होता. मडावी म्हणजे गोंड, जंगलपट्टीतला माणूस, त्यातून जीवशास्त्राचा मास्तर, म्हणजे याला झाडन् झाड माहीत असणार. एकदा सहलीत तलावाच्या पाळीवर दुसऱ्या कॉलेजच्या एका शिक्षकांनी एका झाडाकडे बोट दाखवून सरांना त्याचं नाव विचारलं. सर म्हणाले, "माहीत नाही." त्या शिक्षकांना ती थट्टा वाटली. सर म्हणाले, "सहाव्या वर्षापासून मी आश्रमशाळेत राहिलो. तथी झाडं नव्हती, नळावर रांग होती." मग त्यांनी शालूला हाक मारली, तिने नाव सांगितलं, आणि सरांनी ते आमच्या सगळ्यांदेखत आपल्या वहीत लिहून घेतलं. आपल्याला काय येत नाही हे सांगताना त्या माणसाचा आवाज जरासुद्धा खाली येत नसे.

असा माणूस अंदाजाच्या नादी कसा लागला, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. पण लागला खरा. जुन्या प्रश्नपत्रिका गोळा करून त्यांनी एक लांबलचक वही केली होती. कोणता धडा कधी आला, किती गुणांना आला, मग किती वर्षं आला नाही, सगळं तीत होतं. दर वर्षी जानेवारीच्या शेवटी ते फळ्याच्या मधोमध रेघ मारायचे. डावीकडे "करा", उजवीकडे "सोडा". सलग काही वर्षं त्यांचं जुळत गेलं. मग गोंदियाच्या क्लासवाल्यांची पोरं एसटीने आमच्या फाटकाशी येऊ लागली आणि विचारू लागली, "मडावी सर का आयएमपी आया क्या?" आयएमपी म्हणजे येणाऱ्या धड्यांची ती यादी. सर वरवर चिडायचे, पण खूश व्हायचे, हे आम्हाला दिसायचं. आणि खरं तर ते आमच्यासाठीच होतं. इंग्रजी पुस्तकाने दमलेल्या पोरांच्या डोक्यावरचं चार धड्यांचं ओझं उतरलं, तर बाकीचं तरी नीट होईल, हा त्यांचा हिशेब होता.

आमच्या वर्षी "सोडा"खाली इतर धड्यांबरोबर त्यांनी लिहिलं: ग्रोथ हार्मोन्स. वनस्पतींच्या वाढीच्या संप्रेरकांचा धडा. कुणीतरी विचारलं, सर, नक्की? सर म्हणाले, "लागोपाठ दोनदा येऊन गेला. आता येत नाही. तेवढे दिवस जेनेटिक्सले द्या."

मी घरी येऊन तसं सांगितलं तेव्हा माझा मोठा भाऊ म्हणाला की कुणाच्या सांगण्यावरून अख्खा धडा सोडून परीक्षेला बसू नको. मी दोन दुपारी बसून तो धडा वाचून काढला. पेपरच्या दिवशी व्हरांड्यात उभ्या असताना शालूने मला विचारलं, "तू ग्रोथ वाचलं का गं?" मी म्हटलं, "नाही." सगळ्यांनी सोडलेलं आपण वाचलं याची लाज वाटली, की ते गुण आपल्या एकटीला मिळावेत असं वाटलं, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

ग्रोथ हार्मोन्स आला. मोठा प्रश्न आला, आणि त्याला दिलेला "अथवा"सुद्धा "सोडा"खालच्याच दुसऱ्या एका धड्यावरचा होता. वर्गातली सगळी डोकी एकदम वर झाली. मी लिहायला लागले. पुढच्या बाकावर शालूची पाठ होती. ती बराच वेळ हलली नाही.

ज्याचा विषय त्या शिक्षकाला त्या दिवशी आत येऊ देत नाहीत, म्हणून सर फाटकाबाहेर फेऱ्या मारत होते. दर वर्षीची त्यांची रीत अशी, की पहिल्या पोराच्या हातून प्रश्नपत्रिका ओढून घ्यायची आणि उभ्याउभ्या एकेकाला उत्तरं विचारत सुटायचं. त्या दिवशीही त्यांनी कागद घेतला. वाचला. मग त्याची घडी केली, खिशात घातली आणि कुणालाही काही न विचारता ते रस्ता ओलांडून निघून गेले. आपली मोपेड फाटकाशीच विसरले.

जूनमध्ये निकाल लागला. बहुतेक जण बाकीच्या प्रश्नांवर पास झाले. जे मागे राहिले त्यांचे दोन-तीन विषय राहिले होते. एकट्या शालूचे बाकी सगळे विषय निघाले आणि फक्त जीवशास्त्र थोड्या गुणांसाठी गेलं. नर्सिंगचा फॉर्म तिने आधीच आणून ठेवला होता.

निकालाच्या तिसऱ्या दिवशी सर मोपेडवर आमच्या घरी आले. माझ्या बाबांनी चहा पुढे केला, तो त्यांनी उभ्यानेच घेतला आणि मला म्हणाले, "बिसेन, शालूचं घर दाखव." मी पुढे, सर मागे. शालू अंगणात बसून जाळं नीट करत होती. तिने मान वर केली नाही.

सर म्हणाले, "शालू, चूक माझी होती."

"तुमी सोडा म्हनलं, म्या सोडलं," शालू म्हणाली. "आता कायले आले?" आणि ती उठून आत गेली.

तिची आई ओशाळली. पोरगी वेडी आहे, गुरुजी, मनावर घेऊ नका, असं म्हणायला लागली. सर म्हणाले, "येडी नाही, वहिनी. बरोबर बोलून राहिली." मग ते परत गेले. शालूने आपल्याला दोष दिला याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसलं नाही. उलट कुणीतरी एकदाचं बोललं, तसा त्यांचा चेहरा होता.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. तिसऱ्या दिवशीही. कॉलेज सुटलं, की सडक अर्जुनीहून तडक नवेगाव. अंगणात यायचे, शालू आत जायची, हे थोडा वेळ इकडून तिकडे फेऱ्या मारायचे आणि निघून जायचे. गल्लीतली माणसं विचारायला लागली की मास्तरला झालं तरी काय. मला घरात बसवत नव्हतं. मी रोज काहीतरी निमित्त काढून तिथं जायची आणि कुडाशी उभी राहायची.

पाचव्या की सहाव्या दिवशी शालूची आई झिंगे निवडत बसली होती. सर फेऱ्या मारता मारता एकदम थांबले आणि तिलाच शिकवायला लागले. वहिनी, लावणीआधी धानाच्या पऱ्ह्यात कधी कधी चार-दोन रोपं बाकीच्यांपेक्षा उंच होतात, पाहिली काय? ती म्हणाली, पाहिली ना, पिवळी पडतात, बारीक होतात, मग मरतात; आम्ही ती उपटून फेकतो. सर म्हणाले, तोच रोग जपानात धानावर पडला होता. तिथल्या शास्त्रज्ञांनी शोधलं, तर एक बुरशी निघाली, आणि त्या बुरशीत असं काही सापडलं, की ज्याने रोप भलतंच उंच वाढतं. शालूच्या आईचे हात थांबले. ती म्हणाली, म्हणजे आम्ही रोग फेकत होतो आणि त्यांनी ठेवून घेतला. सर हसले. म्हणाले, "बरोबर. आणि त्याले म्हणतात ऑक्झिन."

आतून शालूचा आवाज आला. "जिबरेलिन."

सरांनी मुद्दाम चुकीचं सांगितलं, की त्या घाईत त्यांचं खरंच चुकलं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. तो धडा शालूने निकालानंतर एकटीने वाचला होता, हे मात्र तेव्हा आम्हा दोघांनाही कळलं. सर दाराकडे वळून म्हणाले, "मग ऑक्झिन काय करते?" मग ती दारात आली, चौकटीला टेकून उभी राहिली आणि सांगायला लागली. तिचं सांगून झाल्यावर सर म्हणाले, "धानाच्या मुलखात मी हा धडा सोडा म्हणून लिवलं. कोणता मास्तर असं करते?" शालू या वेळी आत गेली नाही.

त्यानंतर ऑक्टोबरच्या परीक्षेपर्यंत ते जवळजवळ रोज येत राहिले. श्रावणाच्या झडीत पाठीवर खताची गोणी खोळीसारखी घेऊन येताना मी त्यांना पाहिलं आहे. पुस्तकाच्या पहिल्या पानापासून सुरुवात केली आणि एकही धडा सोडला नाही. शालू जाळी विणत उत्तरं द्यायची, सर अंगणात चालत प्रश्न विचारायचे. तिने त्यांच्याशी सलगीने बोलायला सुरुवात केली असं नाही. माफ केलं, असंही ती कधी म्हणाली नाही. एकदा तिने त्यांना स्पष्ट सांगितलं, की तुम्ही सांगितलेलं आता मी पुस्तकात पडताळून पाहते. सर म्हणाले, तसंच कर, माझ्यासमोर कर. आणि खरंच, दर उत्तरानंतर ती पुस्तक उघडून पाहायची आणि ते वाट पाहायचे.

इकडे कॉलेजात नवा बारावीचा वर्ग आला होता. पहिल्याच दिवशी सरांनी त्यांना सांगितलं की माझ्या अंदाजावर विसंबून एक पोरगी नापास झाली, या वर्षीपासून फळ्यावर रेघ मारणार नाही, अख्खं पुस्तक होईल. हे मला माझ्या चुलतबहिणीने सांगितलं, ती त्या वर्गात होती. पोरं नाराज झाली. पालक भेटायला येऊ लागले. गोंदियाच्या एका क्लासवाल्याने येऊन समजावलं, "सर, एक बार चूक हो गई तो क्या हुआ, बच्चों का साल बरबाद मत करो." सरांनी त्याला विचारलं की धडा येणार नाही असं तू लिहून देतोस का. तो हसत हसत गेला, तो पुन्हा आला नाही. जानेवारी आला, फाटकाशी गोंदियाची पोरं आली नाहीत. सकाळी सातला जादा तास, संध्याकाळी पुन्हा. मास्तरचं डोकं फिरलं, असं गावात लोक बोलू लागले. त्यांच्या बायकोने माझ्या आईजवळ तक्रार केली, की हा माणूस जेवतानासुद्धा ताट हातात घेऊन घरभर हिंडतो.

पण हे पुढचं. त्याआधी ऑक्टोबरचा पेपर झाला. केंद्र गोंदियाला होतं. मी तेव्हा तिथंच बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते, म्हणून गेले. शालू आईबरोबर आणि सरांबरोबर एसटीने आली होती. ती आत गेली. तिची आई झाडाखाली डोळे मिटून बसली. सर फाटकापासून पानठेल्यापर्यंत आणि परत, असे चालू लागले. मी त्यांच्या बरोबरीने चालत होते, आणि दहाव्या-बाराव्या फेरीला माझ्याच्याने राहवलं नाही. मी त्यांना व्हरांड्यातली गोष्ट सांगितली. मी धडा वाचला होता, शालूने विचारलं होतं, मी खोटं बोलले होते.

सर चालायचे थांबले नाहीत. पानठेल्यापर्यंत जाऊन आम्ही परत वळलो तेव्हा ते म्हणाले, "तिनं पेपराच्या सकाळी विचारलं. तू हो म्हणाली असती, तरी तवा तिले काय वाचता आलं असतं? ती माझ्यामुळं नापास झाली, तू त्याच्यात वाटा घेऊ नको."

मला हायसं वाटणार, एवढ्यात ते पुढे म्हणाले, "पण खोटं बोलली थे तुझं. थे तिले सांगजो. मले सांगून भागत नाही."

तीन तासांनी शालू बाहेर आली. सरांनी हात पुढे केला नाही. प्रश्नपत्रिका मागितली नाही, एकही उत्तर विचारलं नाही. फक्त म्हणाले, भूक लागली असेल. आम्ही चौघं स्टेशनजवळ पोहे खायला गेलो. खाता खाता शालूनेच प्रश्नपत्रिका काढून त्यांच्या ताटाशी ठेवली आणि म्हणाली, "पाहा." सरांनी ताट बाजूला सारलं आणि पहिल्या प्रश्नापासून वाचायला लागले.

ती चांगल्या गुणांनी निघाली. पुढच्या वर्षी नर्सिंगला गेली, आज एका ग्रामीण रुग्णालयात आहे. ती पहिल्या सुट्टीत गावी आली तेव्हा मी तिला व्हरांड्यातलं सांगितलं. त्याला मी एक वर्ष लावलं होतं. ती म्हणाली, "मले माहीत होतं. तू लिवून राहिली होती, पेनाचा आवाज येत होता." मग तिने विषय बदलला. आमची मैत्री टिकली, पण त्या दिवसापासून तिच्यासमोर मी जपून बोलते, आणि ते तिलाही कळतं.

सरांना मी शेवटचं पाहिलं त्याला आता काही वर्षं झाली. फेब्रुवारीचे दिवस होते. मी साकोलीहून देवरीकडे बसने जात होते. सडक अर्जुनीत कॉलेजसमोर हायवेचं रुंदीकरण चाललं होतं. धूळ, मातीचे ढिगारे, दोन्ही बाजूंनी ट्रक. आमची बस थांबली. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. मी पुढे वाकून पाहिलं, तर रस्त्याच्या मधोमध मडावी सर दोन्ही हात पसरून उभे. केस पार पांढरे झालेले. एका हाताने रायपूरकडचे ट्रक अडवलेले, दुसऱ्याने नागपूरकडचे. प्रात्यक्षिक परीक्षेचा दिवस असावा. मधून सायकलवाल्या पोरी रस्ता ओलांडत होत्या, कॅरिअरला जर्नलं लावलेली.

शेवटच्या पोरीच्या सायकलची चेन ऐन रस्त्यात उतरली. ती रडकुंडीला आली. सर हात खाली घेऊन तिच्यापाशी आले, गुडघे टेकून बसले आणि चेन लावू लागले. सगळीकडून हॉर्न वाजत होते. आमच्या ड्रायव्हरने डोकं बाहेर काढून काहीतरी सुनावलं. सरांनी मान वर न करता काळा झालेला तळहात त्याच्याकडे धरला आणि पुन्हा चेनीत बोटं घातली. चेन बसली. पोरगी सायकल हातात धरून पळत सुटली.

मी खिडकीतून "सर" म्हणून ओरडले. बस सुरू झाली होती. सर हात पँटला पुसत रस्त्याच्या कडेला उभे होते आणि ती पोरगी फाटकातून आत पोचते की नाही, ते पाहत होते.